हिंकलीपर्यंत आयली, पुढे वेंडेल

डुलुथहून मिनियापोलिसला कसं कसं जाता येतं, हे मला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. रस्ता दीडशे मैलांचा. आमची सिग्नी पंधरा महिन्यांची आहे आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिच्या कानात यंत्र बसवायच्या ऑपरेशनची तारीख मिळाली, एप्रिलमधला दुसरा बुधवार, आणि त्या दिवशीच मी फ्रिजवर जायच्या वाटांचा एक कागद चिकटवला. रोज त्यावर काही ना काही भर पडायची.

विमान पाऊण तासात पोचवतं. बस साडेतीन तास घेते, पण तिचे ड्रायव्हर म्हाताऱ्या माणसांना हाताला धरून उतरवतात, हे मी स्वतः पाहिलंय. एक छोटी व्हॅन आहे, ती थेट तिकडच्या मोठ्या विमानतळावर नेते आणि बर्फातसुद्धा पाच मिनिटं इकडची तिकडे होत नाही. रेल्वेही होती म्हणे. सासरे लहानपणी तिच्यातून गेलेत. आता त्या स्टेशनात संग्रहालय आहे. समुद्राएवढ्या गोड्या पाण्याच्या टोकाला, थंडीत गोठून पडणारं आमचं गाव, तरी इथून बाहेर पडायच्या एवढ्या वाटा लोकांनी धरून ठेवल्यात याचं मला कौतुक वाटतं.

स्वतःची गाडी ही वाटही कागदावर होती, पण तिच्यावर मीच काट मारली होती. नोव्हेंबरमध्ये हमरस्त्यावर एक हरीण माझ्या गाडीपुढे आलं. गाडी चरात गेली, काच फुटली. मागे वळून पाहिलं तर सिग्नी मांडीवरचे काचेचे तुकडे बघून हसत होती. कुणालाही खरचटलंसुद्धा नाही. पण तेव्हापासून गावातल्या गावात मी गाडी चालवते, हमरस्त्याला लागायचा चढ आला की माझे हात लाकडासारखे होतात.

अँडर्स, माझा नवरा, लोखंडाचं खनिज वाहणाऱ्या जहाजावर सुकाणूला असतो. मार्चअखेर बर्फ फुटला की तो गेलाच. जहाज किनाऱ्याजवळ आलं तरच त्याचा फोन लागतो. निघताना फ्रिजवरचा कागद वाचून म्हणाला, "ब्रिटा, एवढी तयारी आमचा कप्तान पण करत नाही गं." हे कौतुक होतं की टोमणा, ते मला अजून कळलेलं नाही.

ऑपरेशन बुधवारी सकाळी होतं, पण मंगळवारी संध्याकाळी पावणेपाचच्या आत सिग्नीची रक्ततपासणी आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांची तपासणी व्हायलाच हवी होती. ती चुकली तर नंबर गेला. पुढचा नंबर जुलैअखेर. डॉक्टरीणबाई अगदी शांतपणे म्हणाल्या होत्या की मूल बोलायला शिकतं त्या वयातले तीन महिने परत मिळत नसतात. त्या शांतपणामुळे मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

आता माझी चूक सांगते. ही चूक फक्त आमच्याकडचं माणूसच करू शकतं.

आमच्या जिल्ह्यात एक सोय आहे. निवृत्त झालेली माणसं आपापल्या गाड्यांतून रुग्णांना लांबच्या दवाखान्यांत पोचवतात, हौसेनं, पगाराशिवाय. तीन आठवड्यांपूर्वी त्या कचेरीतून एका बाईंचा फोन आला. मार्सेला त्यांचं नाव, टेक्ससहून नुकत्याच आलेल्या. त्यांनी विचारलं, सिग्नीसाठी गाडी लावून देऊ का. मी म्हणाले, नको हो, दुसऱ्या कुणाला जास्त गरज असेल. त्या म्हणाल्या, बरं. आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून तशीच उभी.

आमच्याकडे कुणी काही देऊ केलं की आधी नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदा विचारलं तर म्हणायचं, उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की मग, बरं, तुम्ही एवढं म्हणताच आहात तर. पहिल्या झटक्यात हो म्हणणारा हावरा आणि एकदाच विचारून थांबणारा कोरडा, असा हिशेब. जेवणावळीत शेवटची वडी कुणी उचलत नाही. जो तो निम्मी करून ठेवतो, ती खडीसाखरेएवढी होईपर्यंत. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते कुणीतरी डुलुथला येऊन गेल्यावरच सुचलेलं असणार. मार्सेलाबाईंचा काय दोष? त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं, त्यांनी नको असं लिहून घेतलं. पुन्हा फोन करून "हवी आहे" म्हणायचं धैर्य मला तीन आठवड्यांत झालं नाही. त्याऐवजी मी विमानाचं तिकीट काढलं, साडेबाराचं. सव्वाला उतरायचं म्हणजे हाताशी साडेतीन तास. पुरेसे होते. कागदावर तर होतेच.

मंगळवारी सकाळी पूर्वेचा वारा सुटला.

पूर्वेचा वारा म्हणजे सरोवराचं धुकं, आणि आमचा विमानतळ टेकडीच्या माथ्यावर. मी सिग्नीला घेऊन पोचले तेव्हा काचेबाहेर उभं असलेलं बर्फ काढायचं यंत्रसुद्धा दिसत नव्हतं, त्याचा पिवळा दिवा तेवढा दिसत होता. मिनियापोलिसहून येणारं विमान वरच्या वर दोन घिरट्या घालून परत गेलं. ते परत गेलं म्हणजे आमचंही रद्द. खिडकीतल्या मुलीनं मान तिरकी करून सांगितलं की पुढचं संध्याकाळी सात वाजता, तेही वारा फिरला तर.

मी व्हॅनला फोन केला. माझ्या आधी ज्यांनी केला त्यांना जागा मिळाल्या होत्या. बसला केला. ईस्टरची सुट्टी संपून कॉलेजची मुलं परत निघाली होती, बस गच्च भरलेली. अँडर्सला केला. त्याचं जहाज पाण्याच्या मधोमध. पाऊण वाजत आला होता. सिग्नी जमिनीवर बसून दोन्ही तळवे फरशीला लावत होती. सामानाचा पट्टा सुरू झाला की फरशी थरथरते, ती थरथर तिला कळते, आणि मग ती माझ्याकडे बघते, जणू काही मला बातमी देते आहे. आवाजाचं तेवढंच तिच्या वाट्याला आलंय.

शेजारच्या खुर्चीवर एक बाई विणकाम गुंडाळत होत्या. सत्तरीच्या पुढच्या, उंच, अंगात निळं जाकीट, त्यावर बिल्ला. तो बिल्ला मी ओळखला. जिल्ह्याच्या त्याच सोयीचा होता. त्यांनी माझे तिन्ही फोन ऐकले असणार, पण इतका वेळ त्या सुयांकडेच बघत होत्या, एवढं तर आमच्यात पाळतातच.

"मी आयली कांगास," त्या म्हणाल्या. "मला ज्याला घ्यायचं होतं तो माणूस त्या परत गेलेल्या विमानात आहे. गाडी रिकामी आहे माझी. तुम्हाला दक्षिणेला सोडू का?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "नको नको, तुमचा कशाला खोळंबा."

त्या उठल्या. सिग्नीची गाडीत बसायची खुर्ची एका हातात घेतली, माझी बॅग दुसऱ्या हातात.

"हा एक झाला," त्या म्हणाल्या. "उरलेले दोन नकार गाडीत बसून दे, पोरी. तिथे ऊब आहे."

मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. मी सिग्नीला उचलून त्यांच्यामागे निघाले.

आयलीबाईंनी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली होती. हे त्यांनी सांगायच्या आधीच माझ्या लक्षात आलं, कारण गाडी सुरू करण्यापूर्वी त्या वळून सिग्नीच्या समोर चेहरा आणून थांबल्या. तिचं लक्ष जाईपर्यंत थांबल्या, मग सावकाश हसल्या. ऐकू न येणाऱ्या मुलाला मागून हाक मारायची नसते, समोर यायचं असतं, हे माझ्या सख्ख्या आईला मी चार वेळा शिकवलंय. माझ्या फोनवरच्या बोलण्यातून त्यांना तिचं कळलं असेल, पण हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग त्यांनी कुठेकुठे फोन केले. माझ्याशी बोलताना अघळपघळ, पण फोनवर शब्द मोजून. त्यांनी मला समजावलं की ही माणसं रस्त्याचा एकेक टप्पा वाटून घेतात. डुलुथची माणसं हिंकलीपर्यंत नेतात, म्हणजे निम्म्या वाटेवर, आणि पुढे तिकडचं कुणीतरी घेतं. त्यांना स्वतःला चार वाजता डायलिसिसहून एका आजोबांना घरी न्यायचं होतं, त्यामुळे त्या पुढे येऊ शकत नव्हत्या. हिंकलीला वेंडेल येईल, म्हणाल्या.

"कोण वेंडेल?" मी विचारलं.

"दूधवाला. म्हणजे गाई आहेत त्याच्या. भला माणूस आहे, बोलत नाही फारसा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. अनोळखी बाई निराळी आणि अनोळखी पुरुष निराळा. त्याच्या गाडीचा नंबर काय असेल, अँडर्सला तो कसा कळवता येईल, हे डोक्यात सुरू झालं.

टेकडी उतरेपर्यंत धुकं होतं. आयलीबाई बेताच्या वेगानं चालवत होत्या. मागच्या ट्रकनं दिवे मारले तरी त्यांचा वेग वाढला नाही. माझे हात मांडीवर घट्ट झालेले त्यांनी पाहिले असावेत. त्यांनी विचारलं नाही, मीच हरणाचं सांगितलं.

"रस्त्याकडे काय बघायचं," त्या म्हणाल्या, "रस्ता कुठे पळून जात नाही. मी चराकडे बघते. आणि एक हरीण गेलं की लगेच निघायचं नाही. दुसरं असतं मागे. ते बावळट असतं."

मूज लेक गावाच्या अलीकडे खरोखर एक हरीण उन्हात उभं दिसलं. तोवर धुकं मागे पडलं होतं. आयलीबाईंनी गाडी जवळजवळ थांबवली. पहिलं पलीकडे गेलं. आम्ही वाट पाहिली. एक, दोन, तीन, असे मी मनातल्या मनात दहा मोजले, आणि मग दुसरं आलं, अडखळत, आमच्याकडे बघत. सिग्नीनं काचेवर हात ठेवला. आयलीबाईंनी मग गाडी पुढे घेतली. मला हमरस्त्यावर पाच महिन्यांत पहिल्यांदाच पुरता श्वास घेता आला.

हिंकलीला अडीच वाजता पोचलो. पेट्रोल पंपाशेजारच्या हॉटेलसमोर एक तपकिरी गाडी उभी होती. तिच्यातून एक रुंद माणूस उतरला, साठ-पासष्टचा, डोक्यावर बियाण्यांच्या दुकानाची टोपी. आणि दुसऱ्या बाजूनं एक ठेंगणी बाई.

"ही बर्निस," आयलीबाई म्हणाल्या. "वेंडेलची बायको."

बर्निसबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मी याला म्हटलं, तान्ह्या लेकराची आई, तुझ्याबरोबर एकटी कशी बसेल? मी येते. तसंही तुला एकट्याला सोडलं तर तू पार खालच्या आयोवा राज्यात पोचशील." वेंडेलनं सिग्नीची खुर्ची मागच्या सीटवर बसवली, पट्टा दोनदा ओढून पाहिला, मग मला म्हणाला, "तुम्ही पण ओढून बघा." मी ओढून पाहिला. त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यातला गाडीचा नंबर गळून पडला.

आयलीबाईंना मी काय म्हणावं हे ठरवेपर्यंत त्यांनी गाडी वळवलीही होती. चारची वेळ त्यांनाही पाळायची होती.

बर्निसबाई सिग्नीशेजारी मागे बसल्या, मी पुढे. त्यांनी मला खजुराच्या वड्या दिल्या, थर्मासमधली कॉफी दिली, आणि सहज सांगितलं की परतीचं शुक्रवारचं आयलीनं लिहून घेतलंय. दवाखान्यातून आम्ही घेऊ, हिंकलीला ती उभी राहील. मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारलं नाही म्हणून नाही म्हणायचीही सोय नव्हती. इतकी वर्षं या लोकांत राहून, इथेच जन्मून, ही युक्ती मला माहीत नव्हती.

वेंडेल उजवी बाजू धरून, पंचावन्नच्या वेगानं, इमानेइतबारे चालला होता. गाड्या आमच्या बाजूनं सूं सूं जात होत्या. मी घड्याळ बघत होते. साडेतीनला आम्ही अजून शेतांमध्येच. माझ्या मनातला हिशेब असा होता: याच वेगानं गेलो तर साडेचार. एकही वळण चुकलं तर संपलं.

फॉरेस्ट लेक गाव गेल्यावर रहदारी वाढली तशी मला एक गोष्ट दिसली. मला अशा गोष्टी दिसतात, तो माझा आजारच आहे. वेंडेलच्या मानेवरून घाम उतरत होता, आणि त्याची बोटं स्टिअरिंगवर पांढरी पडली होती. ती बोटं मी ओळखली. नोव्हेंबरपासून माझीही तशीच होत होती.

"शहरात तुम्ही नेहमी येता का?" मी विचारलं.

मागून बर्निसबाईंनी सांगितलं, "याची हद्द नॉर्थ ब्रँच गावापर्यंत, ते मघाशीच मागे पडलं. शहरात अकरा वर्षांत आलो नाही आम्ही. मागच्या वेळी याच्या भावाच्या पायाचं ऑपरेशन होतं, तेव्हा हा एकमार्गी रस्त्यावर उलटा शिरला होता."

"आयलीनं विचारलं," वेंडेल म्हणाला. "दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मी म्हटलं, जाऊ की."

जाऊ की. एवढंच. पुढे तो दुभंगणारा रस्ता येत होता. तिथे हमरस्त्याचे दोन फाटे होतात, एक मिनियापोलिसला जातो, दुसरा सेंट पॉलला. चुकीच्या फाट्याला लागलं की अर्धा तास गेला. पाटी मला दूरवरूनच दिसली. रहदारीत वेंडेल मधल्या रांगेत ढकलला गेला होता, आणि पाटीकडे नाही, पुढच्या टँकरच्या मागच्या चाकाकडे बघत होता.

"उजवीकडचा फाटा," मी म्हणाले. "आत्ता नाही. मी सांगते तेव्हा."

"हं."

"मागे निळी गाडी आहे, तिला जाऊ द्या. गेली. आता एक लाल आहे. थांबा. आता घ्या, सावकाश."

त्यानं घेतला. आम्ही बरोबर फाट्याला लागलो. नंतरची पंचवीस मिनिटं मी बोलतच होते. कुठली रांग संपणार आहे, कुठली गाडी आत घुसू बघतेय, पुढे लाल दिवे लागलेत, वेग कमी करा. नकाशा मी कागदावर इतक्यांदा गिरवला होता की प्रत्येक बाहेर पडायच्या वाटेचा आकडा मला पाठ होता. घरी मी असं बोलायला लागले की अँडर्स रेडिओ मोठा करतो. वेंडेल मात्र माझा शब्द न् शब्द झेलत होता. एकदा नुसतं म्हणाला, "तुम्ही चांगलं बघता हो." मागे बर्निसबाईंनी सिग्नीचा तळवा स्वतःच्या गळ्यावर धरला होता आणि त्या गुणगुणत होत्या. सिग्नी डोळे विस्फारून त्यांच्या गळ्यातली ती थरथर हाताशी धरून बसली होती, तिला ना टँकरची पर्वा ना पावणेपाचची.

दवाखान्याच्या दाराशी चार वाजून चौतीस मिनिटांनी पोचलो. वेंडेलनं खुर्ची काढून दिली. आत या, कॉफी तरी घ्या, मी म्हणाले. दूध काढायची वेळ झाली होती, शेजाऱ्याचा मुलगा दुपारपासून गोठ्यात राबतोय, म्हणाला. मी पुन्हा म्हणणार होते, पण बर्निसबाईंनी मला दारात ढकललं. "पळ. शुक्रवारी घेऊ कॉफी."

मी पळाले. सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी घड्याळ पाहिलं, कागद पाहिले, म्हणाल्या, बरोबर वेळेत. रक्त घेतलं. सिग्नी रडली. भूलतज्ज्ञांनी छाती तपासली, घसा पाहिला, खाणंपिणं विचारलं, आणि शेवटी कागदावर सही केली. सकाळी साडेसात, पहिला नंबर. मी ती सही दोनदा वाचली. सगळं ठरलं होतं. आता फक्त रात्र काढायची होती.

सिग्नीला खांद्यावर घेऊन मी खिडकीशी गेले. खाली संध्याकाळची रहदारी, सगळे रस्ते एकमार्गी, सगळ्या गाड्या एकाच दिशेला चाललेल्या. त्यांना निघून पाऊण तास झाला असेल, तरी त्या गाड्यांत मला ती तपकिरी गाडी दिसली. ती दवाखान्याला वळसा घालून आली होती. कोपऱ्यावर थांबली, डावीकडे जाऊ बघत होती, जाता येईना, तशी पुन्हा सरळ गेली, आणि दोन मिनिटांनी परत त्याच कोपऱ्यावर उगवली. त्यांना शहरातून बाहेर पडायची वाट सापडत नव्हती, आणि गोठ्यात गाई खोळंबल्या होत्या.

माझ्याकडे बर्निसबाईंचा नंबर होता. वड्यांच्या डब्यावर त्यांनी तो स्वतःच चिकटवून दिला होता. मी फोन लावला.

"वेंडेलना सांगा," मी म्हणाले, "मी तुम्हाला वरून बघते आहे. सहावा मजला. या दिव्याला वळू नका, सरळ जा. पुढच्या दिव्याला उजवीकडे. अजून नाही. पिवळी बस जाऊ द्या. हां, आता."

गाडीनं उजवीकडे घेतलं. मी खिडकीच्या काचेला नाक लावून, तिचा टप दिसेनासा होईपर्यंत, एकेक वळण सांगत राहिले.